केसपेपरचे दहा रुपये

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर हुज्जत व्हायची ती सुट्ट्या पैशांवरून. केसपेपरला पाच-दहा रुपये का घेता, असं विचारल्याचं फारसं ऐकिवात नाही. इतकी ती फी अंगवळणी पडली होती. तिचा माग काढत गेलं की वाट इंदूरला जाते, आणि तिथे उंदीर भेटतात.

मूळ कल्पना फीची नव्हतीच. जमशेटजी जीजीभाई यांनी 1838 मध्ये मुंबईतल्या इस्पितळासाठी एक लाख रुपये देऊ केले, ते कंपनी सरकारनंही तेवढीच भर घालावी या अटीवर. 1845 मध्ये जे. जे. उघडलं. पुढे 1946 साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं स्पष्टच लिहिलं, की ऐपत नाही म्हणून कुणाचे उपचार अडता कामा नयेत. तरी स्वातंत्र्यानंतर नाममात्र शुल्क घेतलं जाई. पण ते जाई सरकारी तिजोरीत. वॉर्डातला नळ गळत असला तरी डॉक्टरांना त्या पैशाला हात लावता येत नसे.

1994 मध्ये सुरतेत प्लेगची घबराट उडाली आणि इंदूरच्या सात मजली महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. होळकरांचं नाव मिरवणाऱ्या या इमारतीत उंदरांचं राज्य होतं. जिल्हाधिकारी सुधिरंजन मोहंती यांनी रुग्ण दुसरीकडे हलवले, ट्रकच्या ट्रक भरून कचरा काढला, हजारो उंदीर मारले. साफसफाई झाली खरी, पण ती टिकवायची कशी? तिथे रोगी कल्याण समिती जन्माला आली. रुग्णांकडून शुल्क घ्यायचं, ते समितीच्या खात्यात ठेवायचं आणि तिथल्या तिथे खर्च करायचं.

माझ्या मते खरा बदल फी लागण्याचा नव्हता, खातं बदलण्याचा होता. जागतिक बँक 1987 पासून शुल्काचा आग्रह धरत होतीच. इंदूरनं त्याला देशी रूप दिलं. मध्य प्रदेशभर हा नमुना पसरला आणि 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं तो देशभर नेला. आपल्याकडे, महाराष्ट्रात, या समितीचं नाव रुग्ण कल्याण समिती. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी होती, पण ती पिवळं रेशनकार्ड दाखवल्यावर. रात्री बाळंतीण घेऊन धावत आलेल्या माणसाच्या खिशात ते कार्ड कुठून असणार? आणि जमणारी रक्कम रुग्णालयाच्या एकूण खर्चापुढे किरकोळच. पगार, औषधं, यंत्रं यांचा भार सरकारवरच राहिला. केसपेपरच्या दहा रुपयांत बसणार ते फिनेल, बल्ब आणि तुटलेल्या खाटेची डागडुजी.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं आपल्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले; केसपेपरसुद्धा. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत खिडकीवरची वसुली थांबली. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र या निर्णयाबाहेर राहिली, कारण ती दुसऱ्या खात्याची. जे. जे. त्यातलंच.