आपल्या गावांची नावे : लिहिलेली आणि बोललेली

शहापूरहून किन्हवलीकडे निघालात की वाटेत एक गाव लागते. त्याचे नाव काय? एका कागदावर 'शेणवा' सापडेल, दुसऱ्यावर 'शेणवे', आणि जुन्या माणसाच्या तोंडी ऐकाल तर 'शेनवा'. यातले खरे कोणते, असे वर्गात एखाद्या पोराने विचारले तर गुरुजींनी काय सांगावे?

गंमत अशी, की गावकऱ्याला हा प्रश्न फारसा पडतच नाही. गावाचे नाव तो नुसते असे क्वचितच घेतो. तो 'शेणव्याला जातो', 'शेणव्याहून येतो', 'शेणव्याचा पाव्हणा' म्हणतो. आता मराठीचा नियम पाहा. 'घोडा'चे 'घोड्याला' होते आणि 'तळे'चे 'तळ्याला'. शेवटी आ असो की ए, प्रत्यय लागला की दोघांचे रूप सारखेच. म्हणजे बोलण्याला 'शेणव्याला' एवढे पुरते. मूळ शेणवा की शेणवे, हे ठरवण्याची वेळ येते ती कोणी लेखणी घेऊन समोर बसला म्हणजे. ज्याने जसे लिहिले तसे ते पुढे चालले. दोन्ही रूपे मराठीच आहेत. त्यातले एक अडाणी आणि एक शुद्ध असे मुळीच नाही.

परका माणूस मात्र इथे लगेच पकडला जातो. तो 'शेणवाला जायचंय' म्हणतो! मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसा गावी मोठी जत्रा भरते, बैलांचा बाजार भरतो. 'पैसा'चे 'पैशाचा', तशी 'म्हसा'ची 'म्हशाची जत्रा'. पाटी वाचून आलेला 'म्हसाची' म्हणतो. व्याकरणाचे पुस्तक न उघडलेली म्हातारी इथे शिकलेल्याहून बिनचूक बोलते, बरं का.

आता उच्चाराकडे वळू. आपल्या या भागातल्या कुणबी, आगरी, कोळी अशा बोलींतून 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. पाणी ते पानी, डोळा तो डोला. आगरीत तर घोड्याचा 'घोरा' होतो. या चालीने शेणव्याचे शेनवा, डोळखांबाचे डोलखांब, काळू नदीची कालू. ही जिभेची जुनी वळणे आहेत. ग्रियर्सनसाहेबांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातील भाषांची जी मोठी पाहणी झाली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत सांगून घ्यायची, अशी त्या पाहणीची रीत होती. ठाणे-कुलाब्याकडच्या कोळी, कुणबी, आगरी, ठाकरी, वारली, कातकरी या बोलींचे नमुने त्यात छापलेले आहेत. शाळेत ज्या बोलण्यावरून पोराला हसतात, ते बोलणे विद्वानांनी शंभर वर्षांपूर्वी जपून टिपून ठेवले आहे.

दुसरीकडून रोमन लिपी आली. रेल्वे १८५५ साली वाशिंदपर्यंत आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापून निघाले. दीर्घ स्वर कळावेत म्हणून त्यात अक्षरांवर रेघा दिल्या होत्या, ही काळजी खरीच वाखाणण्यासारखी. पण त्या लिपीत ट आणि त यांना एकच अक्षर, ड आणि द यांना एकच, ण आणि न यांना एकच, आणि ळ तर नाहीच. कसाऱ्याच्या गाडीने जाणाऱ्यांना टिटवाळा ठाऊक आहे. हिंदीत ळ चालत नाही म्हणून तिथे 'टिटवाला' होते, इंग्रजीतही तेच वाचले जाते. मग मुंबईचा मराठी माणूससुद्धा टिटवाला म्हणू लागतो.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. माळशेज घाट चढताना गाडीतला शहरी प्रवासी 'मालशेज' म्हणतो आणि टोकावड्याकडची आजीबाईही 'मालशेज'च म्हणते. आवाज एक, पण घराणी दोन. त्याने ते इंग्रजी पाटीवरून उचलले, तिला ते आईकडून मिळाले. दोघांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या डोंगराळ पश्चिमेत कोलोराडोमध्ये ब्युएना व्हिस्टा असे स्पॅनिश नावाचे गाव आहे. गावचे लोक त्याला 'ब्यूना व्हिस्टा' म्हणतात, आणि शुद्ध स्पॅनिश उच्चार करणारा तिथे परका ठरतो.

बोलीच्या या वळणाने इतिहासही कधी झाकला जातो, कधी उजेडात येतो. वैशाखऱ्याहून वर जुन्नरकडे चढणारा नाणेघाट घ्या. वरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्यातले आकडे आपल्या अंकांच्या जुन्यात जुन्या नमुन्यांपैकी आहेत. वाटेवर दगडी रांजण आहे. जकातीच्या नाण्यांवरून घाटाला नाव पडले, असे सांगतात. पण शेजारच्या कड्याला 'नानाचा अंगठा' म्हणतात आणि इंग्रजी पुस्तकांतून 'नाना घाट' येतो. हा नाना कोण? माझा तर्क असा, की 'नाण्याचा घाट' आपल्या बोलीत 'नान्याचा घाट' झाला, आणि मग नानाला यायला कितीसा वेळ!

गुरुजी, तुमच्या हाती यातले बरेच आहे. शाळेच्या दाखल्यावर गावाचे नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरे असले की गरीब माणसाला खेपा पडतात. म्हणून दाखल्यावर सरकारी रूपच लिहा. पण पोराने 'मी शेनव्याचा' म्हटले तर त्याला खाली बसवू नका. आणि मोठ्या गावांची नावे निदान कुठेतरी लिहिलेली आहेत. पाड्यांची, ओहोळांची, वरकस माळांची, राब भाजायच्या जागांची नावे पुष्कळदा फक्त तोंडी आहेत. तानसा १८९२ साली बांधून झाला, पुढे वैतरणा आणि भातसा अडवली, २०२५ साली समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून पुरा झाला. जमीन पाण्याखाली किंवा डांबराखाली गेली की तिथल्या टेपाचे नाव घेण्याचे कारणच उरत नाही.

येत्या सुट्टीत मुलांना एक वही द्या. आजोबांना विचारून पाड्याभोवतीच्या जागांची नावे लिहायला सांगा, ऐकली तशी, न सुधारता. आणि प्रत्येक नावापुढे 'तिथे जातो' हे आजोबा कसे म्हणतात तेही लिहू द्या.