लाटांच्या तोंडचा लोहमार्ग

सन २०२४ मध्यें ब्रिटनच्या वाहतूक खात्यानें एक मसुदा प्रसिद्ध करून त्यावर लोकांचें मत मागविलें. ऊन, पाऊस आणि समुद्र यांचें वागणें बदलत चाललें असतां रस्ते, रेल्वे, बंदरें आणि विमानतळ यांनीं कोणती तयारी करावी, असा प्रश्न होता. सरकारनें लोकांस असें विचारावें यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ज्या देशांत एके काळीं इंजिनिअर नकाशावर रेघ ओढी आणि पार्लमेंट तीस मान्यता देई, त्या देशास येथवर येण्यास सुमारें पावणेदोनशें वर्षें लागलीं. या वाटचालीची बरीचशी हकीकत डेव्हन परगण्यांतील डॉलिश या लहानशा गांवाच्या आसपास घडली आहे.

एक्सेटरहून प्लिमथकडे जाणारा लोहमार्ग इसंबार्ड किंगडम ब्रूनेल यानें येथें अगदीं समुद्रास खेटून नेला. एका अंगास तांबडे कडे, दुसऱ्या अंगास लाटा, आणि मध्यें भिंतीच्या आधारानें टाकलेले रूळ. आंतील टेकड्या चढण्यापेक्षां किनाऱ्याची सपाटी सोयीची, हा त्यांतील हिशेब. १८४६ मध्यें या मार्गानें गाड्या टिनमथपर्यंत धांवूं लागल्या. रुळांमधील नळींतून हवा शोषून घेऊन इंजिनावांचून गाडी चालविण्याचा ब्रूनेलचा गाजलेला प्रयोगहि येथलाच; तो वर्षभरांत फसला. समुद्रानें मात्र आपला प्रयोग चालूं ठेविला. १८५५ मध्यें भिंत फुटली, ती बांधली गेली, आणि पुढेंहि फुटण्या-बांधण्याचा हा क्रम कित्येकदां चालला. शेवटीं ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीनें आंतल्या बाजूनें निराळा मार्ग काढण्याचें ठरविलें व १९३६ आणि १९३७ मध्यें पार्लमेंटकडून तसे कायदेहि करून घेतले. पण १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें आणि तो बेत बारगळला.

४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्रीं मोठें वादळ झालें. डॉलिश येथें भिंतीचें सुमारें ८० मीटर लांबीचें खिंडार पडलें आणि खालची माती वाहून गेल्यामुळें रूळ झुल्यासारखे अधांतरीं लोंबकळूं लागले. प्लिमथ आणि सबंध कॉर्नवॉल यांचा बाकीच्या देशाशीं असलेला रेल्वेसंबंध तुटला. दुरुस्ती चालूं असतांच मार्चमध्यें टिनमथजवळील कड्याची हजारों टन माती खचली. अखेर ४ एप्रिल रोजीं गाड्या सुरू झाल्या. पुढें अधिक उंच, आणि माथ्याशीं लाट परत समुद्रांत फेकणारी वळणदार अशी नवी भिंत उभारण्यांत आली. तिचा दुसरा भाग २०२३ मध्यें पुरा झाला.

संकट समुद्राकडूनच येतें असें नव्हे. १२ ऑगस्ट २०२० रोजीं स्कॉटलंडांत कारमाँट येथें मुसळधार पावसानें रुळाशेजारच्या चरांतील खडी वाहून रुळांवर आली, गाडी घसरली आणि तिघे मृत्यू पावले. तो चर जुनापुराणा नव्हता. दहा वर्षांच्याहि आंतला होता, पण आराखड्याप्रमाणें बांधलेला नव्हता. १९ जुलै २०२२ रोजीं कॉनिंग्सबी येथें तपमान ४०.३ अंशांवर गेलें आणि लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकांतून उत्तरेकडे गाड्या सोडण्यांत आल्या नाहींत. विदर्भांतील वाचकास याचें हसूं येईल. परंतु ब्रिटनमधील रूळ २७ अंशांच्या उष्णतेस ताणमुक्त राहतील अशा बेतानें बसविलेले असतात. उन्हांत रुळाची उष्णता हवेपेक्षां वीसएक अंशांनीं वाढते. लोखंड प्रसरण पावतें आणि जागा न मिळाल्यानें वांकतें. रूळ अधिक उष्णतेच्या बेतानें बसवावेत, तर कडक हिंवाळ्यांत ते तुटण्याचें भय वाढतें.

येथेंच इंजिनिअरचें शास्त्र संपतें. वर्षांतून किती दिवस गाड्या बंद राहिलेल्या चालतील, आणि त्या बंद राहूं नयेत म्हणून कोणी किती खर्च सोसावा, याचें उत्तर कोणत्याहि कोष्टकांत नाहीं. यासाठींच लोकांस विचारावयाचें. पण सबंध देशास एकदम विचारलेला प्रश्न मोघम असतो. तयारी करावी काय, या प्रश्नास नको म्हणणारा कोण भेटणार?

खरी कसोटी टिनमथच्या बाजूस लागली. कड्याची माती रुळांवर येऊं नये म्हणून नेटवर्क रेल या संस्थेनें सुमारें १.८ किलोमीटरचा लोहमार्ग कड्यापासून दूर, समुद्राच्या बाजूस सरकविण्याची योजना मांडली आणि २०१९ मध्यें लोकांच्या सूचना व हरकती मागविल्या. या योजनेंत पुळणीचा बराच भाग भरावाखालीं जाणार होता. गांवकरी रेल्वेचे वैरी नव्हते. २०१४ मधील तुटलेपण त्यांनीं भोगलें होतें. परंतु जेथें त्यांचीं मुलें वाळूंत खेळतात, तो किनारा गमावून सुरक्षितता घ्यावयाची काय, हा प्रश्न आतां त्यांच्या दाराशीं येऊन ठेपला होता. हरकती आल्या. आराखडा बदलून २०२० मध्यें पुन्हां मांडण्यांत आला, तरीहि विरोध शमला नाहीं. पुढें लोहमार्ग समुद्रांत सरकविण्याचा तो बेत बाजूस ठेवण्यांत आला आणि कड्याच्या हालचालींचें मोजमाप ठेवण्यावर भर देण्यांत आला. पुळण राहिली, तिच्यालगत रूळ राहिले, आणि रुळांवर तो कडाहि राहिला.