दगडांची शुश्रूषा



पिस्कॅटवेत इतकी वर्षे काढूनही मुंबईच्या फोर्टमधील उच्च न्यायालय माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. परिचारिकेचे शिक्षण घेताना मी तिच्यावरून जात असे. कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार ही गॉथिक वास्तू १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली, तीही मंजूर रकमेहून कमी खर्चात. तिच्या शिखरांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत.

येथेच १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. १९१६ च्या राजद्रोहाच्या प्रकरणात मात्र बॅरिस्टर जिनांसह आपल्या समाजाचे डेव्हिड एरुळकर टिळकांच्या बाजूने उभे राहिले आणि उच्च न्यायालयाने टिळकांविरुद्धचा हुकूम रद्द केला. पुढे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या हस्ते टिळकांच्या उद्गारांची शिला येथे बसली. ज्या भिंतींनी अन्याय ऐकला, त्यांच्यावरच प्रायश्चित्त कोरले गेले. भिंती टिकल्या म्हणूनच ते घडले.

२०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या जागतिक वारशात या वास्तूचा समावेश केला. आता न्यायालयाचे नवे संकुल वांद्र्याला व्हायचे आहे. मला काळजी वाटते ती नंतरची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस कोणी बदलली नाही, तर त्याला जखमा होतात. वापर सुटलेल्या वास्तूचेही तसेच होते. कोकणातली गावे सोडून आलेल्या आपल्याला हे सांगायला नको. सन्मानाने छप्पर गळायचे थांबत नाही; दर पावसाळ्याआधी कोणीतरी शिडी लावून पन्हळी साफ कराव्या लागतात.