रेल्वेमार्ग आणि विद्यार्थिजीवन : कोपर-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश : मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात उपनगरापलीकडून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या अनुभवाला फारसे स्थान मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात कोपर-डोंबिवली परिसरातील विद्यार्थिजीवनाचा विचार अंतर, वेळ आणि रेल्वे या तीन घटकांच्या आधारे केला आहे. महाविद्यालये उत्तरेकडे सरकत गेली तसे पदवी शिक्षणाचे अंतर कमी झाले. पदव्युत्तर व विशेष शिक्षणाचे अंतर मात्र बव्हंशी कायम राहिले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मुंबई विद्यापीठ, उपनगरी रेल्वे, कोपर, डोंबिवली, विद्यार्थिजीवन, सवलतीचा पास

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कायदे, कुलगुरू, इमारती आणि अभ्यासक्रम यांच्या अनुषंगाने झालेले आहे. विद्यार्थी या इतिहासात येतो तो परीक्षार्थी म्हणून किंवा नामवंत पदवीधर म्हणून. तो घरून किती वाजता निघत असे, कोणत्या स्थानकावर गाडी बदलत असे, शेवटचा तास सोडून त्याला का निघावे लागे, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचे मानले गेले. वस्तुतः ज्या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी वसतिगृहात न राहता घरून ये-जा करतात, त्या विद्यापीठाच्या इतिहासात प्रवास हा दुय्यम विषय ठरू शकत नाही.

या दृष्टीने कोपर हे ठिकाण अभ्यासास सोयीचे आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४५ किलोमीटरवर हे स्थानक आहे. दिवा-वसई मार्ग येथे मुख्य मार्गाच्या वरून जातो. भोवताली आगरी-कोळी वस्तीची जुनी गावे आणि मागील काही दशकांत वाढलेली दाट नागरी वसाहत आहे. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात असूनही त्याच्या केंद्रापासून दूर असलेल्या परिसराचे हे एक प्रातिनिधिक उदाहरण होय.

परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि अंतराचा प्रश्न

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. प्रारंभीच्या काळात हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारे व पदव्या देणारे होते. अध्यापनाचे कार्य संलग्न महाविद्यालये करीत. त्यामुळे विद्यापीठीय जीवन म्हणजे एखाद्या परिसरातील सहजीवन, ही कल्पना येथे सुरुवातीपासूनच क्षीण होती. महाविद्यालय मात्र गाठावेच लागे, आणि ती महाविद्यालये मुंबई व पुणे यांसारख्या मोजक्या शहरांतच होती.

हे अंतर किती कठीण होते याची कल्पना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मचरित्रातून येते. शालेय वयात एका सरकारी परीक्षेसाठी ते कोकणातील मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. तेथे वय लहान दिसते या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे मुंबईस येऊन शिक्षण घेत त्यांनी १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी संपादन केली. त्या काळातील कोकणी विद्यार्थ्यासाठी उच्च शिक्षण म्हणजे गाव सोडणे होते.

ठाणे-कल्याण पट्ट्याची स्थिती यापेक्षा वेगळी होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. म्हणजेच विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी तीन वर्षे हा पट्टा मुंबईशी लोहमार्गाने जोडला गेला होता. १९२५ मध्ये मुंबईत विजेवर चालणारी गाडी सुरू झाली व पुढील काही वर्षांत हे विद्युतीकरण कल्याणपर्यंत आले. त्यामुळे गाव न सोडता शिकणे या परिसरात तत्त्वतः शक्य झाले. परंतु रूळ दारावरून जाणे आणि दार शिक्षणासाठी उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या श्रमाविना राहणे परवडणारे नव्हते. रेल्वेचा शैक्षणिक लाभ प्रथम मिळाला तो नोकरदार व साक्षर वर्गाला.

महाविद्यालयांचे उत्तरेकडे सरकणे

विसाव्या शतकात मुंबईतील महाविद्यालयांचा भूगोल बदलत गेला. एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स ही जुनी महाविद्यालये दक्षिण मुंबईत होती. १९३७ मध्ये माटुंग्यात रुईया व खालसा ही महाविद्यालये सुरू झाली. १९५९ मध्ये सोमय्या विद्याविहाराची स्थापना झाली. मध्य रेल्वेने येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही प्रत्येक पायरी म्हणजे दररोजच्या प्रवासातील काही मिनिटांची बचत होती.

याच काळात वेळेच्या प्रश्नावरही एक महत्त्वाचा प्रयोग झाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून १९१२ मध्ये पदवी मिळविलेल्या बाबासाहेबांना विद्यार्थ्याच्या वेळेचे मोल स्वानुभवाने ठाऊक होते. मात्र डोंबिवली-कल्याणच्या विद्यार्थ्यासाठी सकाळचे महाविद्यालय म्हणजे पहाटेची गाडी, हे समीकरण अटळ होते.

प्रत्यक्ष ठाणे-कल्याण पट्ट्यात महाविद्यालये येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात १९६५ मध्ये चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू झाले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये महाविद्यालयीन शिक्षणास प्रारंभ केला. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. त्यानंतर डोंबिवलीतही पेंढरकर महाविद्यालयासारख्या संस्था उभ्या राहिल्या. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागेल. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्ये आली आणि पदवी महाविद्यालय १९७२ मध्ये. या दोहोंत ११८ वर्षांचे अंतर आहे. तेवढा काळ हा परिसर शिक्षणासाठी गाडीची वाट पाहत राहिला.

स्थानिक महाविद्यालयांचा सर्वाधिक लाभ मुलींना आणि पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना झाला, असे म्हणता येईल. मुलीला कल्याण किंवा ठाण्यापर्यंत पाठविण्यास तयार असलेली अनेक कुटुंबे चर्चगेट किंवा फोर्टपर्यंत पाठविण्यास तयार नसत. अशा घरांत महाविद्यालय दोन-तीन स्थानकांवर आल्यामुळे पदवी शक्य झाली. १९७१ मध्ये विद्यापीठाने सुरू केलेल्या पत्रद्वारा शिक्षणानेही नोकरदार व गृहिणी यांना असाच मार्ग खुला केला.

गाडीच्या डब्यातील विद्यार्थिजीवन

तथापि, प्रवास संपला नाही. विशिष्ट शाखा, नामांकित महाविद्यालय किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा असल्यास दक्षिणेकडे जाणे भागच होते. विद्यापीठाचे बहुतेक विभाग कलिना येथील विद्यानगरी परिसरात आहेत. तेथे पोहोचण्यासाठी कोपरच्या विद्यार्थ्याला कुर्ल्यापर्यंत गाडी आणि पुढे बस किंवा रिक्षा असा प्रवास करावा लागतो. कोपरला धिम्या गाड्याच थांबतात. जलद गाडी हवी असेल तर आधी उलट दिशेने डोंबिवलीस जावे लागते. बसण्यास जागा मिळावी म्हणून डाऊन गाडीने कल्याण गाठून तेथून परत येण्याची रीतही या परिसरात रुळलेली आहे. पुढे जाण्यासाठी प्रथम मागे जावे लागणे, हा येथील विद्यार्थ्याचा नित्याचा अनुभव होय.

या प्रवासाने विद्यार्थिजीवनाला स्वतःचे असे वळण दिले. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि त्यातील सोबती यांतून जुळलेली मैत्री अनेकदा वर्गातील मैत्रीपेक्षा टिकाऊ ठरली. परीक्षेच्या दिवसांत उभ्याने टिपणे वाचणे, तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळवून उजळणी करणे, एकाच झेरॉक्स प्रतीवर दोघांनी अभ्यास करणे ही दृश्ये सर्वांच्या परिचयाची आहेत. याची किंमतही होती. वक्तृत्व मंडळ, नाट्यस्पर्धेच्या तालमी, ग्रंथालयातील सायंकाळ, प्राध्यापकांशी तासानंतर होणारी चर्चा या गोष्टी गाडीच्या वेळापत्रकाशी जुळत नसत. ७५ टक्के उपस्थितीचा नियम सर्वांना समान असला, तरी ती उपस्थिती मिळविण्यासाठी लागणारे श्रम समान नव्हते.

विखुरलेल्या या विद्यार्थ्यांना एकत्र आणणारे स्थान महाविद्यालयाबाहेर निर्माण झाले. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर तरुणाईची गर्दी होते. सण हे तिचे निमित्त असले तरी त्यामागे एक सामाजिक कारणही दिसते. एकाच गावातील मुले फोर्टपासून उल्हासनगरपर्यंतच्या महाविद्यालयांत पांगलेली असताना त्यांना समान प्रांगण नव्हते. ते त्यांनी गावातील रस्त्यावर निर्माण केले.

गर्दीतील प्रवासाचा धोका हा या इतिहासाचा सर्वांत दुःखद भाग आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये डोंबिवली आणि कोपर यांच्या दरम्यान गाडीतून पडून एका २१ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून काही प्रवासी मृत्युमुखी पडले. याच मार्गावरून, याच वयाचे विद्यार्थी रोज दारात उभे राहून महाविद्यालयात जातात. शिक्षणाच्या संधीविषयी बोलताना ही बाब वगळता येणार नाही.

गाडी थांबली तेव्हा

मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे उपनगरी रेल्वे बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळांत परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा थांबली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना प्रवास खुला झाला. या काळात अध्यापन व परीक्षा ऑनलाइन झाल्या. प्रवासाचे तीन-चार तास वाचले, हा अनेकांना झालेला लाभ खरा होता. परंतु दोन खोल्यांच्या घरात, एका भ्रमणध्वनीवर दोन भावंडांचे तास चालू असताना, गाडीतील चौथी सीटही अभ्यासाची हक्काची जागा होती हे अनेकांना उमगले. अंतर नाहीसे झाले तेव्हा विषमता नाहीशी झाली नाही. ती घराच्या आत आली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. कोपर-डोंबिवली परिसरातील विद्यार्थिजीवन अभ्यासक्रमाइतकेच रेल्वेने घडविले आहे.

२. १९६५ नंतरच्या स्थानिक महाविद्यालयांनी पदवी शिक्षण घराजवळ आणले. ठाणे व कल्याण येथे विद्यापीठाची उपकेंद्रे उभी राहिली असली, तरी पदव्युत्तर शिक्षणासाठी दूरच्या प्रवासाची गरज संपलेली नाही.

३. प्रवासाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मुली, नोकरी करणारे आणि पहिल्या पिढीतील विद्यार्थी यांच्यासाठी काही स्थानकांचे अंतर शिकणे आणि न शिकणे यांतील सीमा ठरले.

शेवटी साधनांविषयी एक सूचना करणे आवश्यक वाटते. रेल्वेच्या सवलतीच्या पाससाठी महाविद्यालये विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र देतात. त्यावर विद्यार्थ्याचे नाव, वय आणि प्रवासाची दोन स्थानके नोंदलेली असतात. कोणत्या वर्षी, कोणत्या स्थानकावरून, किती मुले आणि किती मुली महाविद्यालयात येत होत्या, याचे उत्तर या प्रमाणपत्रांच्या नोंदवह्यांत मिळू शकते. कार्यालयांच्या दृष्टीने मुदत संपलेली ही नोंदवही रद्दीच असते. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र ती अस्सल साधन आहे. जुन्या महाविद्यालयांनी उपलब्ध नोंदवह्या, विद्यार्थ्यांची खासगी माहिती सुरक्षित ठेवून, जतन केल्यास आणि त्या काळातील माजी विद्यार्थ्यांच्या मौखिक आठवणींची त्यांना जोड दिल्यास, परीक्षेच्या निकालपत्रात न दिसणारा विद्यार्थी इतिहासात दिसू लागेल. हे काम बाहेरच्या संशोधकापेक्षा त्या त्या महाविद्यालयातील प्राध्यापकच अधिक चांगल्या रीतीने करू शकतील. त्या नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी ते व्हावे.