एएमएच तपासणीची कुळकथा

मुरुड असो की मुंबई, लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही की आधी सुनेचं रक्त तपासलं जातं. कागदावर ‘एएमएच’पुढचा आकडा कमी निघाला तर घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. हा आकडा मुळात कशासाठी जन्मला, हे कळलं तर ती धास्ती बरीच ओसरेल.

त्याचा उगम सशाच्या गर्भात आहे. १९४७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी मादीच्या पोटातल्या गर्भांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग मांडले. नर गर्भाचे वृषण वेळीच काढले तर त्याच्यात गर्भाशय घडू लागे. वृषणाच्या जागी टेस्टोस्टेरॉनचा स्फटिक ठेवला तर नराच्या नलिका टिकत, पण मादीच्या नलिकाही तशाच राहत. त्या जिरवणारा दुसराच कुठला तरी स्राव वृषणातून पाझरत होता. मादीच्या या नलिका म्युलर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जात, म्हणून स्राव ठरला अँटी-म्युलेरियन हार्मोन, म्हणजेच एएमएच.

पॅरिसमध्ये नाताली जोसो यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९८०च्या दशकात तो अंडाशयातही सापडला. वाढीला लागलेल्या इवल्या बीजपुटिकांच्या पेशी तो तयार करतात. १९८६ मध्ये त्याचं जनुक हाती आलं. त्याच वर्षी ६ ऑगस्टला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून परळच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं.

टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारात इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजं वाढवतात. किती मिळतील, औषध किती द्यावं, याचा अंदाज आधी घ्यावा लागतो. त्यासाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातल्या एफएसएच या हार्मोनचा आकडा बघत. तो एका पाळीला एक, दुसरीला वेगळा येई. एएमएचचं रक्त कुठल्याही दिवशी देता येतं. वयाबरोबर एएमएच उतरत जातो, हे २००२च्या सुमारास अभ्यासांतून दिसलं आणि तपासणी रुळली.

म्हणजे आकडा शिल्लक बीजसाठ्याचा अंदाज देतो. बीजाचा कस मुख्यतः वयावर ठरतो, आणि दिवस जायला एक बीज पुरतं. २०१७ मध्ये ‘जामा’त आलेल्या अमेरिकी अभ्यासात, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांमध्ये एएमएच कमी असूनही दिवस जाण्याची शक्यता घटलेली दिसली नाही.

तेव्हा या एका आकड्यावरून कुणाही बाईला वांझ ठरवणं हा अन्याय आहे. आकडा कमी असेल तर उपचारांचा निर्णय लांबवू नये, आणि नवऱ्याची वीर्यतपासणीही त्याच आठवड्यात करून घ्यावी.