ट्रान्स-अलास्का तेलवाहिनी

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील खनिज तेल वाहून नेणारा प्रमुख नळमार्ग. लांबी सुमारे १,२८७ किमी., नळाचा व्यास १२२ सेंमी. आर्क्टिक किनाऱ्यावरील प्रूडो बे येथील तेलक्षेत्रापासून ब्रुक्स, अलास्का आणि चुगाच या तीन पर्वतरांगा ओलांडून तो दक्षिणेकडील व्हाल्डीझ बंदराला पोहोचतो. उत्तर किनाऱ्यावरचा समुद्र वर्षातील बराच काळ गोठलेला असतो. म्हणून तेल बारमाही खुल्या बंदरापर्यंत नळाने आणून पुढे जहाजांनी नेण्याची ही योजना आखली गेली. २० जून १९७७ रोजी नळात तेल सोडले गेले. तेल कंपन्यांनी मिळून स्थापलेली अल्येस्का पाइपलाइन सर्व्हिस कंपनी हा मार्ग चालवते. तेलवाहिनीचे लाभ आणि धोके यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी अंदाजांवरच भांडला जातो. येथे मात्र आधी काय सांगितले गेले आणि नंतर काय घडले, हे जवळजवळ अर्ध्या शतकाच्या अनुभवावरून ताडून पाहता येते. प्रस्तुत नोंदीचा भर त्यावरच आहे.

मंजुरीचा वाद : प्रूडो बेचे तेल १९६८ मध्ये सापडले. पुढच्याच वर्षी तेथील भूखंडांच्या लिलावातून राज्याला ९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. अलास्काला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती, त्यामुळे या रकमेने राज्यातील राजकारणाचा नूरच पालटला. पण १९७० च्या प्रारंभी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी पर्यावरण संघटनांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. दुसरा अडथळा जमिनीच्या मालकीचा होता. मूळ रहिवाशांचे दावे मिटल्याशिवाय नळ टाकणे अशक्य होते. १९७१ च्या कायद्याने त्यांना ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर देऊन उर्वरित हक्क संपवण्यात आले. त्या समाजांना शतकभर कोणी विचारले नव्हते. तेल निघाल्यावर तीन वर्षांत निकाल लागला.

१९७२ मध्ये सरकारने अनेक खंडांचा पर्यावरणीय परिणामांचा अहवाल प्रसिद्ध केला. कॅनडातून मॅकेन्झी खोऱ्यामार्गे थेट अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात तेल न्यावे, म्हणजे जहाजांची गरजच उरणार नाही, असा पर्यायही मांडला गेला होता. फेब्रुवारी १९७३ मध्ये अपील न्यायालयाने प्रकल्प अडवला, पण पर्यावरणाच्या मुद्द्यावर नव्हे. १९२० च्या खाणपट्टा कायद्याने नळासाठी जेवढ्या रुंदीची पट्टी देता येत होती, तिच्यात हे काम बसत नव्हते, एवढेच कारण न्यायालयाला पुरले. मग काँग्रेसने कायदाच बदलला. पर्यावरणाची छाननी पुरेशी झाली असे मानून पुढील न्यायालयीन आव्हाने रोखणारी दुरुस्ती १७ जुलै १९७३ रोजी सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४९ अशी अडली आणि उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्या निर्णायक मताने संमत झाली. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलबंदी पुकारली. १६ नोव्हेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी विधेयकावर सही केली. थोडक्यात, लाभ आणि जोखीम यांची तुलना पूर्ण होऊन हा निर्णय झाला नाही. ती तुलना कायद्याने थांबवण्यात आली.

रचना : विरोधकांच्या आक्षेपांचा खरा उपयोग अभियांत्रिकीला झाला. जमिनीतून वर येणारे तेल गरम असते. मूळ विचाराप्रमाणे बहुतेक नळ पुरला असता, तर बारमाही गोठलेली जमीन वितळून तो खचला असता. त्यामुळे सुमारे ६७६ किमी. नळ खांबांवर उचलून नेला आहे. तापमानाच्या फरकाने तो आखडतो-पसरतो, म्हणून त्याची आखणी नागमोडी आहे. अनेक खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या असून त्या हिवाळ्यात जमिनीतील उष्णता बाहेर टाकतात. कॅरिबू हरणांच्या कळपांना ओलांडता यावे म्हणून ठिकठिकाणी नळ उंच केला आहे किंवा पुरला आहे. डेनाली भ्रंशरेषेवर तो रुळांसारख्या लांब तुळयांवर नुसता टेकवलेला आहे. ३ नोव्हेंबर २००२ रोजी ७.९ क्षमतेचा भूकंप होऊन जमीन सुमारे चार मीटर सरकली. नळही सरकला, पण तेल सांडले नाही. ही सावधगिरी स्वस्त नव्हती. सुरुवातीचा अंदाज ९० कोटी डॉलरचा होता, प्रत्यक्ष खर्च सुमारे ८ अब्ज डॉलरवर गेला.

लाभ : बांधकाम ऐन भरात असताना सुमारे २८,००० लोक कामावर होते, पण हा रोजगार तीन-चार वर्षांचाच होता. टिकाऊ लाभ महसुलाचा झाला. अनेक वर्षे राज्याच्या सर्वसाधारण महसुलातील ८० टक्क्यांहून अधिक वाटा तेलाचा होता. १९८० मध्ये अलास्काने वैयक्तिक आयकर रद्द केला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने स्थायी निधी निर्माण झाला आणि खनिज स्वामित्वधनाचा किमान चौथा हिस्सा त्यात जमा करणे बंधनकारक झाले. १९८२ पासून या निधीतून प्रत्येक रहिवाशाला वार्षिक लाभांश मिळतो, पहिल्या वर्षी तो १,००० डॉलर होता. तेलाचा पैसा सगळा खर्चून न टाकता त्यातील काही भाग पुढच्या पिढीसाठी बांधून ठेवण्याची ही व्यवस्था या प्रकल्पाच्या बाजूने सांगता येण्यासारखी सर्वांत भक्कम गोष्ट आहे. तिची दुसरी बाजू राजकीय आहे. दरसाल लाभांश घेणारा प्रत्येक नागरिक तेल उद्योगाचा छोटा भागीदार बनतो आणि नव्या विहिरींना विरोध करणे त्याला जड जाते. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा राज्यात तीव्र मंदी आली. एकाच नळावर सारी अर्थव्यवस्था टांगण्याची किंमत त्या वेळी कळली.

हानी : प्रत्यक्ष नळातून झालेली गळती मर्यादित राहिली. १९७८ मध्ये फेअरबँक्सजवळ घातपाती स्फोटाने सुमारे १६,००० पिंपे तेल सांडले. २००१ मध्ये एका मद्यधुंद माणसाने झाडलेल्या रायफलच्या गोळीने नळाला भोक पडून सुमारे ६,८०० पिंपे वाया गेली. कॅरिबूंचा कळप नष्ट होईल ही भीती त्या टोकाला खरी ठरली नाही, उलट मध्य आर्क्टिक कळप नंतरच्या दशकांत वाढला. भूकंप आणि वितळणारी जमीन यांवर सर्वाधिक वाद झाला होता, आणि नेमकी तीच बाजू सांभाळली गेली.

घात समुद्रात झाला. २४ मार्च १९८९ रोजी मध्यरात्रीनंतर व्हाल्डीझहून निघालेले ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे जहाज ब्लाय रीफ या खडकाळ उथळ जागी आदळले आणि सुमारे २,५७,००० पिंपे तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये पसरले. सुमारे २,१०० किमी. किनारा माखला, अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि २,८०० समुद्री पाणमांजरे मेली. गळती आवरण्यासाठी नेमलेला तराफा दुरुस्तीत अडकला होता, मदत पोहोचायला दहा तासांहून अधिक वेळ लागला. कॉर्डोवा येथील मच्छिमारांच्या संघटनेने १९७१ मध्येच या समुद्रमार्गाविरुद्ध दावा केला होता. १९७२ मध्ये तत्कालीन मंत्री रॉजर्स मॉर्टन यांनी या मार्गावरील नव्या अमेरिकी जहाजांना दुहेरी तळ असेल असे आश्वासन दिले होते. १९८६ मध्ये बांधलेल्या या जहाजाचे कवच एकेरीच होते.

कॉर्डोवाच्या लोकांचे पुढे काय झाले, हे या हिशेबातील सर्वांत बोचरे कलम आहे. १९९३ मध्ये हेरिंग माशांची पैदास कोसळली. तिचा तेलगळतीशी संबंध किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण ती मासेमारी पूर्ववत झाली नाही, यावर नाहीत. १९९४ मध्ये ज्यूरीने ५ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई ठरवली. जहाजाची मालक कंपनी एक्सॉन हिने अपिले केली आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुमारे ५० कोटी डॉलरवर आणली. दावेदार सुमारे ३२,००० होते, त्यांतील अनेक जण तोवर वारले होते. लाभांश राज्यभर वाटला गेला, नुकसान मात्र काही किनारी गावांच्या वाट्याला आले. लाभ आणि हानी यांची बेरीज-वजाबाकी एकाच रकान्यात केली की ही विषमता दिसेनाशी होते.

दुर्घटनेनंतर १९९० च्या तेल प्रदूषण कायद्याने दुहेरी कवच सक्तीचे झाले, टँकरसोबत संरक्षक टगबोटी आल्या आणि उद्योगाच्या पैशावर चालणारी पण स्थानिक नागरिकांची देखरेख मंडळे स्थापन झाली. तरी दक्षता पुन्हा सैल पडतेच. मार्च २००६ मध्ये प्रूडो बे येथील, मुख्य नळाला जोडणारी बीपी कंपनीची वाहिनी गंजून सुमारे ५,००० पिंपे तेल टुंड्रावर सांडले.

आजची स्थिती : १९८८ मध्ये दररोज वीस लाखांहून अधिक पिंपे तेल वाहत होते, आता ते पाच लाखांच्या खाली आले आहे. प्रवाह मंद झाला की तेल थंड होते, नळात मेण साचते आणि पाणी गोठण्याचा धोका वाढतो. त्यामुळे नळ चालता ठेवायचा तर नवे तेल हवे, असा युक्तिवाद जोर धरतो. मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कोनोकोफिलिप्सच्या विलो प्रकल्पाच्या समर्थनातही तो होता. म्हणजे एका प्रकल्पाचे लाभ पुढच्या प्रकल्पाची जोखीम पत्करण्याचे कारण बनतात. दुसरीकडे हवामान तापत असल्याने फेअरबँक्सच्या उत्तरेकडील एका उतारावर गोठलेली जमीन वितळून काही आधार कलले आणि तेथे जमीन थंड ठेवणाऱ्या आणखी नळ्या बसवाव्या लागल्या. या मार्गाने आजवर १८ अब्जांहून अधिक पिंपे तेल गेले. एका पिंपातील तेल जळल्यावर सरासरी ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, या हिशेबाने एकूण आकडा सात अब्ज टनांपलीकडे जातो. १९७० च्या दशकातील वादात हे कलम जवळजवळ नव्हतेच.

वापर संपल्यावर नळ काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी मालक कंपन्यांवर आहे. संघराज्य सरकारने दिलेल्या मार्गहक्काचे नूतनीकरण तीस वर्षांसाठी झाले असून त्याची मुदत २०३४ मध्ये संपते.