नाट्यगृहातील सूचीकार

वैद्यकाचे संदर्भसाहित्य आज मोबाईलच्या ॲपमध्ये मावते, याचे श्रेय बहुधा संगणकशास्त्राला दिले जाते. आमच्या मते ते आधी ग्रंथालयाला, आणि त्यातही सूचीकाराला द्यायला हवे. साहित्याच्या अभ्यासकाला शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीमुळे सूचीचे मोल ठाऊक असते. पण सूचीची मर्यादा कुणाच्या जिवावर बेतू शकते, हे कळण्यासाठी वैद्यकाकडेच वळावे लागते.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमधील फोर्ड यांच्या नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. पुढे सरकारने ती वास्तू ताब्यात घेतली, आणि १८६६ पासून १८८७ पर्यंत तेथे अमेरिकी सैन्याच्या सर्जन जनरलचे ग्रंथालय नांदले. त्याची सूत्रे जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यचिकित्सकाकडे होती. विद्यार्थिदशेत अपस्मारावरील शस्त्रक्रियेविषयी प्रबंध लिहिताना, लागणारे साहित्य देशातल्या कोणत्याही एका ग्रंथालयात नाही, हा अनुभव त्यांनी घेतला होता. यादवी युद्धानंतर लष्करी रुग्णालयांच्या निधीतून उरलेले सुमारे ८०,००० डॉलर हाती येताच त्यांनी ते पुस्तकांवर खर्च केले. ग्रंथ जमवणे मात्र त्यामानाने सोपे. नियतकालिकांत विखुरलेला एखादा लेख पुढे दहा वर्षांनी कुणाला कसा सापडावा, हा खरा प्रश्न. बिलिंग्ज नोंदणीयोग्य लेखांवर पेन्सिलीने खुणा करीत आणि कारकून ते तपशील कार्डांवर उतरवीत. या कष्टांतून १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ हे मासिक निघाले. रॉबर्ट फ्लेचर हे त्यांचे सहसंपादक. १८८० पासून ‘इंडेक्स कॅटलॉग’चे बृहद्‌खंड येऊ लागले, पहिली मालिका १८९५ मध्ये १६ खंडांनी पुरी झाली.

याच बिलिंग्ज यांनी १८८० च्या जनगणनेच्या सुमारास हर्मन होलेरिथ या तरुण अभियंत्याला, मोजणीचे हे काम यंत्राने व्हायला हवे, असे सुचवले होते. होलेरिथ यांची छिद्रित कार्डे पुढे संगणकयुगापर्यंत चालली. सूचीकाराच्या मनातली कल्पना अशी फिरून सूचीकडेच परतली: १९६४ मध्ये त्याच ग्रंथालयाने, एव्हाना ते ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ झाले होते, ‘मेडलार्स’ ही संगणकीय पद्धती सुरू केली. १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारांवरून ‘मेडलाइन’ आली, १९९७ मध्ये ‘पबमेड’ सर्वांना विनामूल्य खुले झाले, आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तीच सूची हातात धरायच्या उपकरणांत उतरली. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ च्या अखेरीस थांबले.

ॲपच्या पडद्यामागे शब्दांचे जे काम आहे, ते भाषेच्या माणसाला विशेष रुचावे. रुग्ण ‘हार्ट ॲटॅक’ म्हणतो, संशोधक ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ लिहितो. एक शब्द टंकला तरी दुसऱ्याखालचे लेख हाती येतात, कारण १९६० पासून या ग्रंथालयाने विषयशीर्षकांचा एक नियंत्रित कोश सांभाळला आहे. पर्याय कोणता, उपविषय कोणता, हे सारे माणसांनी लेख वाचून ठरवले.

परंतु सूचीला सीमा असते, आणि पडदा ती सीमा दाखवीत नाही. २००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दम्याविषयीच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामिथोनियम हे रसायन श्वासावाटे दिले गेले. तिची फुफ्फुसे निकामी झाली आणि सुमारे महिन्याभरात तिचा मृत्यू झाला. संशोधकाने आधी पबमेड धुंडाळले होते. पण तेथील नोंदी तेव्हा १९६६ पासूनच्याच होत्या. या रसायनाने फुफ्फुसांना होणाऱ्या इजेबद्दलचे लेख १९५० च्या दशकातले. ते छापील खंडांत, ग्रंथालयाच्या फडताळात, अगदी नीट नोंदवलेले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या विद्यापीठातील केंद्र शासनाच्या निधीवरचे जवळजवळ सारे मानवी संशोधन काही दिवस थांबवण्यात आले. दोष केवळ यंत्राचा होता असे आम्ही म्हणणार नाही. यंत्राने १९६६ आधीचे काही सांगतो असा दावा कधी केलाच नव्हता. जे पडद्यावर दिसत नाही ते लिहिलेच गेले नाही, अशी वाचकाची समजूत झाली, आणि हा आजार वैद्यकापुरता नाही. प्रबंधांच्या संदर्भसूची तपासताना आम्हांला तो वारंवार भेटतो.

जुन्या छापील सूचींतील नोंदी पुढे संगणकात आणल्या गेल्या आणि मेडलाइनची मर्यादा १९४६ पर्यंत मागे सरकली. त्याआधीचे काही लेख पबमेडमध्ये सापडतात खरे. सलग विषयवार नोंद मात्र नाही. ॲपचे आयुष्य तर याहून तोकडे. विषारी रसायनांच्या अपघातात धावून जाणाऱ्यांसाठी याच ग्रंथालयाने काढलेले ‘वायझर’ २०२३ मध्ये बंद करण्यात आले. ‘इंडेक्स कॅटलॉग’चे खंड मात्र अजून उघडता येतात.

एप्रिल २०२२ पासून मेडलाइनमधील लेखांना विषयशीर्षके यंत्रप्रणाली देते. माणसे त्यांतली निवडक तेवढी तपासतात. दरसाल दहा लाखांच्या घरातील लेखांपुढे दुसरा मार्ग नसेलही. बिलिंग्ज यांची पेन्सिल आता त्या निवडक लेखांपुरतीच उरली आहे, आणि ती कोणत्या लेखावर फिरली, कोणत्यावर नाही, हे ॲप उघडणाऱ्याला कळत नाही.